व्हेनिसच्या बाकारोत पहिल्यांदा जाताय?

व्हेनिसमध्ये संध्याकाळी काय करायचं, असं कुणी विचारलं की मी गोंडोलाचं नाव घेत नाही. रिआल्तो या जुन्या बाजारभागाच्या मागच्या बोळांत शिरा, एखादा बाकारो गाठा आणि काउंटरला टेकून उभे राहा, एवढंच सांगतो. बाकारो म्हणजे गल्लीतला छोटेखानी बार. आत दहा-बारा माणसं आली की पुढच्यानं बाहेर उभं राहायचं. काउंटरवर काचेचं कपाट आणि त्यात चिकेत्ती, म्हणजे दोन घासांचे पदार्थ मांडलेले. मागच्या फळीवर वाइन आणि लाल, नारिंगी, तपकिरी कडू मद्यांच्या बाटल्या. बसायला जागा असेलच असं नाही.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. बाकारो ही जेवायची जागा नाही. एक पेला, दोन घास, पंधरा-वीस मिनिटं, आणि मग पुढचा बाकारो. आपली मंडळी एकदा बसली की दोन-तीन तास उठत नाहीत. इथं मुळात बसायचंच नाही. हे न कळल्यामुळे बरेच जण पहिल्याच ठिकाणी आठ-दहा चिकेत्ती ताटात भरून घेतात, कोपरा अडवून उभे राहतात आणि शेवटी ‘एवढ्याशा पावाच्या तुकड्यांचे एवढे पैसे’ म्हणून कुरकुरत बाहेर पडतात.

१. वेळ आणि भाग ठरवा

दिवसातल्या दोन वेळा चांगल्या. सकाळी साधारण अकरा ते एक आणि संध्याकाळी सहा ते आठ. सकाळी अकराला वाइन कोण पितं, असं वाटेल. रिआल्तोच्या बाजारात पहाटेपासून राबणाऱ्यांची ती मधल्या सुट्टीची वेळ होती. बाजार आता आटला, पण ती वेळ टिकली. म्हणूनच बाजाराला लागून असलेले बाकारो लवकर उघडतात आणि लवकर बंदही होतात. आल्लार्को दुपारीच आवरतं घेतो. कान्तिना दो मोरी संध्याकाळी जेवणाच्या वेळेआधी दार ओढून घेतं. रात्री नऊला तिथं जाऊन कुलूप पाहण्यात अर्थ नाही.

दो मोरी मात्र पाहायलाच हवं. १४६२पासून इथं वाइन मिळते, असा त्यांचा दावा आहे. छताला तांब्याची भांडी टांगलेली, उजेड बेताचा, आणि खुर्ची एकही नाही. दोन बोळांच्या मधे असल्यामुळे त्याला दोन्हीकडून दारं आहेत. एका दारानं आत शिरून दुसऱ्यानं बाहेर पडलात तर नकाशातली दिशा चुकते, एवढं लक्षात ठेवा. (व्हेनिसमध्ये ती तशीही चुकतेच.)

सकाळी रिआल्तो आणि संध्याकाळी कान्नारेज्यो, ही वाटणी मला सगळ्यात सोयीची वाटते. कान्नारेज्योमध्ये मिझेरिकोर्दिया आणि ओर्मेझिनी या कालव्याकाठच्या रस्त्यांवर एकाला लागून एक बाकारो आहेत. तरुणांची गर्दी असते आणि उशिरापर्यंत वर्दळ असते. तिसरा पर्याय दोर्सोदुरो भागातला. सान त्रोव्हाझोच्या कालव्यावर, गोंडोला दुरुस्त करायच्या जुन्या कारखान्यासमोर, कान्तिने देल व्हिनो जा स्क्याव्ही नावाचं वाइनचं दुकान आहे. गावात सगळे त्याला बोत्तेगोन म्हणतात. पावाच्या चकत्यांवर काय काय ठेवता येतं, हे बघायचं तर तिथं जा. कच्च्या ट्यूनाच्या बारीक तुकड्यांवर कडू कोको भुरभुरलेली त्यांची चकती वाचताना विचित्र वाटते, खाताना अजिबात नाही.

रविवारी बरेच बाकारो बंद असतात. रिआल्तोचा मासळीबाजार रविवार आणि सोमवार बंद असतो. त्यामुळे सोमवारी ताज्या मासळीच्या चिकेत्तीपेक्षा मुरवलेले आणि सुकवलेल्या माशांचे प्रकार मागा. ते रोजच चांगले असतात.

पोहोचायचं तर व्हापोरेत्तोची, म्हणजे पाण्यावरच्या बसची, १ नंबरची लाइन ‘रिआल्तो मेर्कातो’ थांब्यावर सोडते. ७५ मिनिटांचं तिकीट ९.५० युरो आहे. फक्त मोठा कालवा ओलांडायचा असेल तर त्यासाठी एवढे मोजू नका. सान्ता सोफियाच्या धक्क्यावरून मासळीबाजाराकडे त्रागेत्तो जाते. गोंडोलासारखीच होडी असते, पाहुण्यांना २ युरो पडतात आणि एक-दोन मिनिटांत पलीकडे. गोंडोलाची हौसही तेवढ्यात भागते.

२. आत शिरा आणि आधी नुसतं बघा

दारातून आत येताना ‘बुओन्जोर्नो’, संध्याकाळ असेल तर ‘बुओनासेरा’ म्हणा. हे शिष्टाचारापुरतं नाही. काउंटरमागच्या माणसाला तुम्ही आलात हे त्यामुळे कळतं आणि तुमचा नंबर लागतो. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी येऊन जागा दाखवेल, मेनू देईल, याची वाट पाहत दारात थांबू नका. मेनू म्हणजे ते काचेचं कपाट.

पाठीवरची सॅक काढून हातात घ्या. अरुंद जागेत तुम्ही वळलात की मागच्याचा पेला गेलाच. पुढे सरकायचं असेल तर ‘पेर्मेस्सो’ म्हटलं की लोक बाजूला होतात. चिकेत्तीला हात लावायचा नाही, बोट दाखवायचं. क्रम असा: आधी पेला सांगायचा, मग खाणं.

३. पेला निवडा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात व्हेनिसचं पेय म्हणजे ओंब्रा. छोट्या पेल्यात घरगुती वाइन, लाल किंवा पांढरी. ‘उन ओंब्रा दि रोस्सो’ म्हटलं की लाल, ‘दि ब्यांको’ म्हटलं की पांढरी. साधारण दीड ते तीन युरो. नावाजलेली बाटली नको असेल आणि तीन-चार बाकारो करायचे असतील तर ओंब्रासारखं काही नाही.

पण नवखा माणूस येतो तो स्प्रित्ससाठी, आणि तिथंच घोळ होतो. स्प्रित्स हे एकच पेय नाही. मूळचा प्रकार म्हणजे वाइनमध्ये पाणी. व्हेनेतो, म्हणजे व्हेनिसचा प्रांत, १८६६पर्यंत ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता. इथली वाइन तिकडच्या सैनिकांना जड जायची, म्हणून ते पाणी घालून घ्यायचे, असं सांगतात. कडू मद्य त्यात पडलं ते विसाव्या शतकात. आज बहुतेक ठिकाणी तीन भाग प्रोसेक्को (बुडबुड्यांची पांढरी वाइन), दोन भाग कडू मद्य, एक भाग सोडा आणि भरपूर बर्फ असं प्रमाण असतं. काही जुन्या बाकारोंत प्रोसेक्कोऐवजी साधी पांढरी वाइन घालतात. मला तेच जास्त आवडतं, कमी गोड लागतं.

आता ते कडू मद्य कोणतं, हे तुम्ही सांगायचं असतं. न सांगता नुसतं ‘स्प्रित्स’ म्हणालात आणि चेहरा परदेशी असला, तर बहुधा आपेरोल मिळेल. चार नावं लक्षात ठेवा.

आपेरोल नारिंगी, गोडसर, ११ टक्के अल्कोहोलचं. १९१९ साली शेजारच्या पादोव्हात बार्बिएरी बंधूंनी बाजारात आणलं. कडूपणा नावापुरता. पहिल्यांदा पिणाऱ्यानं इथून सुरुवात केली तर काही बिघडत नाही, पण इथंच थांबू नये.

सिलेक्ट खास व्हेनिसचं, १९२० साली याच शहरात पिल्ला बंधूंनी काढलेलं, साडेसतरा टक्क्यांचं. रंग लालभडक, चव आपेरोलपेक्षा कडू, मागे वनौषधींचा वास. आपेरोल जगभर मिळतं. व्हेनिसपर्यंत आलाच आहात तर दुसरा पेला सिलेक्टचा घ्या. त्यात काडीला टोचलेलं मोठं हिरवं ऑलिव्ह येतं. ते काढून बाजूला ठेवू नका. मीठ जिभेवर कडूपणा दाबतं, त्यामुळे खारट ऑलिव्ह चावून घेतलेला पुढचा घोट वेगळाच लागतो.

कंपारी मिलानचं, १८६०चं, इटलीत २५ टक्क्यांचं. खणखणीत कडू. पहिला घोट घेतल्यावर आजीचा काढा आठवला तर नवल नाही. त्या आठवणीला थोडा वनस्पतिशास्त्राचा आधारही आहे. युरोपातल्या अशा बऱ्याच कडू मद्यांत, आपेरोलमध्येसुद्धा, जेन्शियन नावाच्या पहाडी झाडाचं मूळ असतं, आणि आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं. कंपारीत काय काय आहे, हे मात्र कंपनी सांगत नाही.

चौथं चिनार, १९५२चं, साडेसोळा टक्क्यांचं, गडद तपकिरी. बाटलीवर आर्टिचोकचं चित्र असतं, कारण त्यातल्या तेरा वनस्पतींत आर्टिचोकची पानंही आहेत. आर्टिचोक म्हणजे इथली काटेरी पाकळ्यांची कळीसारखी भाजी. लाल रंगाच्या गोड पेयांचा कंटाळा आला असेल तर चिनारचा स्प्रित्स मागा. काउंटरमागचा माणूस तुमच्याकडे जरा आदरानं बघेल.

कडूचं आपल्याला वावडं नाही. कारलं, मेथी, पाडव्याला कडुनिंब हे सगळं आपण खातोच. पण कडू चव हौसेनं, घोट घोट घ्यायची सवय नसते. इथं जेवणाआधी कडू घेतात, कारण त्यानं तोंडाला पाणी सुटतं आणि भूक चाळवते. म्हणून घोट मोठा नको, आणि प्रत्येक घोटानंतर काहीतरी खारट किंवा तुपकट खायला हवं. कडू मद्य आणि चिकेत्तीची जोडी लागली ती यासाठी.

आता जरा हिशेब. स्प्रित्स सरबतासारखं लागतं म्हणून ते हलकं असतं असं समजू नका. ९० मिलि प्रोसेक्को आणि ६० मिलि आपेरोल धरलं, दोन्ही ११ टक्क्यांचे, तर पेल्यात साडेसोळा मिलि शुद्ध अल्कोहोल झालं. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिच्या पेगमध्ये ते १३ मिलिच्या आतच असतं. कंपारी घातलं तर हाच आकडा २५ मिलिच्या घरात जातो, म्हणजे जवळजवळ दोन पेग. तीन बाकारो आणि तीन कंपारी स्प्रित्स केल्यावर व्हेनिसच्या कठडा नसलेल्या काठांवरून चालणं शहाणपणाचं नाही.

न पिणाऱ्यांनी बाहेर ताटकळायची गरज नाही. क्रोदिनो आणि सानबित्तेर ही बिनअल्कोहोलची कडू पेयं बहुतेक ठिकाणी छोट्या बाटलीत मिळतात. ‘आनालकोलिको’ म्हटलं की समजतं. क्रोदिनो नारिंगी, सानबित्तेर लाल. बर्फ आणि संत्र्याची फोड घालून दिलं की शेजारच्यालाही फरक कळत नाही.

४. काचेमागचं खाणं

एका बाकारोत दोन चिकेत्ती, फार तर तीन. पहिल्यांदा आलात तर त्यातलं एक बकाला मान्तेकातो असलंच पाहिजे.

व्हेनिसमध्ये हा पदार्थ नॉर्वेहून येणाऱ्या, मीठ न लावता वाऱ्यावर वाळवलेल्या कॉड माशाचा करतात. मासा लाकडासारखा कडक असतो. आधी ठोकतात, मग काही दिवस पाण्यात भिजवतात, उकडतात, काटे आणि कातडं काढतात. मग खरं काम सुरू होतं. थोडं थोडं तेल सोडत तो इतका घोटायचा की तंतू सुटतात, तेल आत मुरतं आणि पांढराशुभ्र, हलका गोळा तयार होतो. चांगल्या बकालात तेल वेगळं सुटलेलं दिसत नाही आणि माशाचे बारीक धागे दाताखाली जाणवतात. अगदी गुळगुळीत पेस्ट असेल तर यंत्रानं काम उरकलंय असं समजा. तो पावावर किंवा भाजलेल्या पोलेंताच्या वडीवर देतात. पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं पिठलं, थापून कापलेलं. माझं मत पोलेंताला.

हा मासा इतक्या लांबून इथं कसा आला, याची गोष्ट पिएत्रो क्वेरिनी या व्हेनिसच्या व्यापाऱ्याशी जोडतात. १४३१मध्ये क्रीटहून फ्लँडर्सकडे निघालेलं त्याचं जहाज वादळात भरकटलं. वाचलेले थोडके लोक १४३२च्या सुरुवातीला थेट नॉर्वेच्या लोफोतेन बेटांशी लागले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना सांभाळलं. काठ्यांवर वाळत घातलेला मासा क्वेरिनीनं तिथं पाहिला आणि परत आल्यावर लिहून ठेवलं.

दुसरं नाव सार्दे इन साओर. सार्दे म्हणजे आपली तारली. ती तळायची, मग तेलात मंद आचेवर मऊ केलेला भरपूर कांदा व्हिनेगरमध्ये शिजवून तिच्यावर थर द्यायचा, वरून बेदाणे आणि चिलगोजे. ही खलाशांची टिकाऊ शिदोरी होती. केल्या दिवशी खाण्यात मजा नाही, एक-दोन दिवस मुरली की आंबट-गोड चव माशात उतरते. कोकणातल्या माणसाला हे नवं वाटणार नाही, फक्त तिखटाशिवाय कसं काय, असं मनात येईल. येऊ द्या. तिखट इथं मागू नका, मिळालंच तर काळी मिरी मिळेल.

बाकीचं भराभर सांगतो. पोल्पेत्ते म्हणजे तळलेले गोळे, मांसाचे किंवा ट्यूनाचे, गरम असतानाच घ्या. फोल्पेत्ती म्हणजे उकडलेले छोटे ऑक्टोपस, लिंबू-तेल लावलेले. ट्रामेझ्झिनी म्हणजे मऊ पांढऱ्या पावाचे, मधे फुगीर सारण भरलेले सँडविच. वसंतात आणि शरदात मोएके, म्हणजे नुकतीच कात टाकलेले मऊ कवचाचे खेकडे, तळून मिळाले तर महाग असले तरी सोडू नका.

५. शाकाहारी असाल, किंवा काही वर्ज्य असेल तर

इथं सावध राहायला हवं, कारण जे शाकाहारी दिसतं ते असतंच असं नाही. उकडलेल्या अंड्याच्या अर्ध्या फोडीवर बऱ्याचदा अँचोव्ही हा खारवलेला मासा असतो. पाव-चीज तळून केलेल्या ‘मोत्सारेल्ला इन कारोत्सा’च्या पोटात व्हेनिसमध्ये अँचोव्ही किंवा डुकराचं मांस घालतात. झुकिनीची तळलेली फुलं तोडल्यावर आतूनही अँचोव्ही निघू शकते. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासा नको, असं दोन्ही सांगा. नुसतं ‘व्हेजेतारियानो’ म्हटलं तर काही ठिकाणी मासा चालतो असं धरतात.

बिनधास्त घेण्यासारखं: लसूण-पार्स्लीत शिजवलेली आर्टिचोकची बुडं, गोर्गोन्झोला चीज आणि अक्रोडाची चकती, लाल भोपळ्याच्या क्रीमची चकती, भाजलेल्या भाज्या, हिवाळ्यात त्रेव्हिझोची रादिक्यो ही कडसर पालेभाजी. पार्मेजानो, गोर्गोन्झोला अशा चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, काटेकोर शाकाहाऱ्यांनी तेही ध्यानात ठेवावं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची पंचाईतच आहे.

मांस खाणाऱ्यांनी तीन शब्द लक्षात ठेवावेत: ‘मान्झो’ गोमांस, ‘मायाले’ डुकराचं, ‘काव्हाल्लो’ घोड्याचं. शेवटचं थट्टेनं सांगत नाही. व्हेनेतोमध्ये घोड्याच्या वाळवलेल्या मांसाचे लालसर धागे पावावर घालून देतात, आणि दिसायला ते फार छान असतात.

६. पैसे

काउंटरवर उभं राहून घेतलं की एक दर, टेबलावर बसून घेतलं की दुसरा, जास्त. हे फसवणं नव्हे, इटलीभर अशीच रीत आहे. बसलात तर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी वेगळे पैसेही लागू शकतात. दरपत्रक भिंतीवर असतं. चिकेत्ती साधारण २ ते ४ युरोंना एक, स्प्रित्स ४ ते ६. यापेक्षा फार वर असेल तर तुम्ही पर्यटकांच्या रस्त्यावर आहात, एक बोळ आत सरका.

गर्दी असेल तर लगेच पैसे घेतात. निवांत असेल तर शेवटी विचारतात काय काय घेतलं ते, आणि तुम्ही सांगायचं. विश्वासावर चालतं, म्हणून बरोबर सांगा. सुटे युरो जवळ ठेवा, चार युरोंसाठी कार्ड पुढे केलं की कपाळावर आठी येते. बक्षिशी द्यायची पद्धत नाही, वरचे सुटे ठेवलेत तर ठीक.

७. पेला घेऊन बाहेर

बाहेर उभं राहता येतं, तीच खरी मजा. पण पुलाच्या पायऱ्यांवर ठाण मांडून बसू नका. जाणाऱ्या-येणाऱ्यांची वाट अडते आणि दंड होऊ शकतो. दारापुढे आडवं पिंप ठेवलेलं असतं, त्यावर पेला टेकवा. रिकामे पेले आणि कागदी बशा आत नेऊन द्यायच्या. रिआल्तो भागात समुद्रपक्ष्यांवर, त्या दांडग्या पांढऱ्या गल पक्ष्यांवर, लक्ष ठेवा. खाणं छातीशी धरा. हात लांब करून फोटो काढायला गेलात की बकाला उचलून नेलाच म्हणून समजा. लोक हसतात, पण बदली चिकेत्तो कुणी देत नाही.

तिसऱ्या बाकारोनंतर खरंच भूक असेल तर जेवायला बसायची जागा वेगळी, तिला ओस्तेरिया म्हणतात. शनिवारी संध्याकाळी तिथं आयत्या वेळी टेबल मिळत नाही. म्हणून सकाळी रिआल्तोची चक्कर मारतानाच आत डोकावून साडेआठसाठी नाव सांगून ठेवा.